मूसची शिकार: पहिली रायफल आणि काडतुसं कुठली घ्यावीत? (स्वीडन)

उमेओचा_उम्या

नमस्कार मंडळी,

उत्तर स्वीडनमध्ये, उमेओला असतो. या हिवाळ्यात इथली शिकारीची परीक्षा (येगारएक्सामेन) दिली. लेखी, बंदूक हाताळणी, नेमबाजी, सगळं एकदाचं पार पडलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या गावच्या शिकारी गटाने सप्टेंबरात मला पाहुणा म्हणून घ्यायचं कबूल केलंय. आमच्याकडे उत्तरेत मूसचा (इथलं घोड्याएवढं अवाढव्य हरीण) मोसम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडतो.

अडलंय ते रायफलपाशी. इथे परवाना त्या-त्या बंदुकीचा मिळतो. म्हणजे आधी दुकानात बंदूक नक्की करायची, मग पोलिसांकडे अर्ज, आणि परवाना हातात पडेपर्यंत बंदूक दुकानदाराच्याच कपाटात. पोलीस किती दिवस लावतील याचा नेम नाही, त्यामुळे निर्णय लवकर करायला हवा.

समोर तीन पर्याय आहेत (आकडे काडतुसाच्या मापाचे, म्हणजे कॅलिबरचे):

१. टिक्का टी३एक्स, .३०८ विंचेस्टर, नवी, प्लास्टिकचा दस्ता.
२. जुनी हुस्कवार्ना, ६.५×५५, लाकडी दस्ता, वापरलेली. दिसायला देखणी आणि किंमत निम्म्याहून कमी.
३. ९.३×६२. सहकाऱ्याचे वडील गटाचे प्रमुख आहेत, ते याशिवाय दुसरं बोलतच नाहीत.

रायफल, तिच्यावर बसवायची नेमाची दुर्बीण आणि तिजोरी मिळून पंचवीस हजार क्रोनरच्या आत बसवायचंय. यूट्यूबवरचे अमेरिकन लोक मॅग्नमच्या (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसांच्या) खाली उतरायला तयार नाहीत, ते बघून डोकं आणखी फिरलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(शिकार चूक की बरोबर हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढावा ही विनंती.)

---

पेठेतला_पंत

विनंती वाचली, पण विचारतोच. जंगलातल्या गरीब प्राण्याला मारून नक्की काय मिळतं? तिकडे सुपरमार्केट नाहीत का?

---

येम्तलांडकर

पंत, एकदाच उत्तर देतो, मग मूळ विषयाकडे वळू.

स्वीडनमध्ये लाकूडतोडीनंतर मोकळ्या झालेल्या जमिनीवर जी कोवळी पाइन-बर्च उगवते ती मूसचं आवडतं खाणं. त्याच्या जोरावर संख्या इतकी वाढली की १९८२ साली एका वर्षात सुमारे पावणेदोन लाख मूस मारले गेले. आज आकडा त्याच्या निम्म्याहून बराच खाली आहे. किती मारायचे, त्यात पिल्लं किती आणि मोठे किती, हे भागवार आधी ठरतं. रस्त्यावर दरवर्षी हजारो मूस गाड्यांना धडकतात. लांब पायांवरचं ते धूड बॉनेटवरून थेट काचेतून आत येतं, त्यात माणसंही जातात. आणि मिळतं काय म्हणाल, तर वर्षभराचं मांस. सुपरमार्केट आहे हो, तिथलं मांसही कुणीतरी मारलेलंच असतं.

उम्या, अभिनंदन. आता तुझं. कॅलिबरचा प्रश्न तू सगळ्यात आधी विचारलायस, मी तो सगळ्यात शेवटी घेणार आहे.

कायदा तुला परीक्षेत पाठ झालाच असेल, बाकीच्यांसाठी लिहितो. मूसला 'क्लास १'चं काडतूस लागतं. गोळी ९ ग्रॅम किंवा वर असेल तर १०० मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा हवी. गोळी १० ग्रॅम किंवा वर असेल तर २००० ज्यूल पुरतात. शिवाय गोळी आत गेल्यावर फुलणारी हवी, लष्करी पद्धतीची पूर्ण आवरणाची चालत नाही. तुझी तिन्ही कॅलिबरं यात बसतात. ६.५ मात्र काडतूस बघून घेतलं तरच, त्यावर नंतर लिहितो.

आता जागा डोळ्यांसमोर आण. सप्टेंबरात बर्चचा पाला अजून झाडावर असतो, जंगल दाट. गटातला एकजण कुत्रा मोकळा सोडतो, गळ्यात जीपीएसचा पट्टा. कुत्र्याला मूस सापडला की तो भुंकून भुंकून त्याला एका जागी अडवून धरतो आणि कुत्र्याचा मालक वारा बघत दबकत जवळ जातो. तू पाहुणा, तुला हे काम देणार नाहीत. तुला एका मोक्याच्या जागी, बहुतेक लाकडी मचाणावर बसवतील. मूस हलला तर तुझ्या समोरून जाईल, कधी रमतगमत, कधी दुडक्या चालीने. अंतर चाळीस ते ऐंशी मीटर. तोडलेल्या रानाची कड मिळाली तर शंभर, फार तर दीडशे. तीनशे मीटरवर सपाट जाणाऱ्या मॅग्नमचं तुला इथे काहीही काम नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. फुप्फुसात गोळी बसलेला मूस बहुतेक वेळा जागेवर पडत नाही. काही झालंच नाही अशा थाटात चालू लागतो, पन्नास-शंभर मीटर जातो आणि मग बसतो. नवख्याला वाटतं नेम चुकला, आणि तो बंदूक खाली घेऊन बघत राहतो. इथली शिस्त अशी की जनावर उभं आहे तोवर दुसरा बार टाकायचा. म्हणजे पहिल्या बारानंतर डोळा दुर्बिणीतच हवा आणि हात आपसूक बोल्टवर (पुढचं काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्यावर) जायला हवा. ज्या बंदुकीचा धक्का खाऊन तुझे डोळे मिटतात, त्या बंदुकीने हे होणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की तिन्हींपैकी कुठली खांद्याला लावल्यावर मान न वाकवता दुर्बिणीत पूर्ण गोल दिसतो? दुकानात जा, डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. जिच्यात काळी कड दिसत नाही ती तुझी. प्रत्येक रायफल दहा वेळा अशी लाव. दुकानदार वैतागला तर दुकान बदल.

---

त्रोन्हाइमचे_नाना

येम्तलांडकरांशी बऱ्यापैकी सहमत, पण ९.३ ची बाजू मांडायला कुणीतरी हवं.

९.३×६२ हे १९०५ सालचं जर्मन काडतूस. ओटो बॉक नावाच्या बंदूककाराने आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांसाठी साध्या माउझर बंदुकीत बसेल असं केलं. तिकडे ते मोठ्या जनावरांना चाललं, आणि पुढे आमच्या स्कँडिनेव्हियाच्या जंगलात येऊन मुरलं. का मुरलं त्याला कारण आहे. १८.५ ग्रॅमची गोळी, वेग मध्यम. गोळी जड आणि हळू असल्याने मांसाची नासाडी कमी होते आणि ती बहुतेकदा आरपार जाते. दोन्हीकडून भोक असलं की रक्ताचा माग जमिनीवर मिळतो. पावसाळी दिवसात ओल्या शेवाळावर हा माग किती मोलाचा ते ज्याने शोधलंय त्यालाच कळेल.

आणि धक्क्याची उगाच भीती घालू नका. जड बंदुकीत, नीट खांद्याला लावली तर ९.३ चा धक्का ढकलतो, झटका देत नाही.

अवांतर: आमच्या नॉर्वेत मोठ्या जनावरांसाठी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आधी ३० गोळ्यांचा सक्तीचा सराव, मग १०० मीटरवर रेनडिअरच्या चित्रावर पाच गोळ्या, पाचही आखलेल्या भागात. स्वीडनमध्ये एकदा पास झालात की आयुष्यभर मोकळे. हे मला कधीच पटलेलं नाही.

---

येम्तलांडकर

नाना, जड बंदुकीत हे तुम्हीच म्हणालात. उम्याला दुकानात जी ९.३ दाखवतील ती दुर्बिणीशिवाय तीन किलोची, प्लास्टिक दस्त्याची असेल. त्यात १८.५ ग्रॅमची गोळी म्हणजे सरावाच्या दिवशी दहाव्या बारानंतर माणूस घरी जायची कारणं शोधतो. मग सराव होत नाही. सराव नाही तर बाकी सगळं फुकट.

आरपार गोळी जाण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. पण तो गोळी कशी बनवलीय त्यावर जास्त अवलंबून आहे, कॅलिबर किती मोठं त्यावर कमी.

---

तांपेरेची_तनुजा

फिनलंडहून. मी डावखुरी आहे म्हणून लिहिते, कारण हा मुद्दा पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. उम्या, तुझा जोरकस डोळा कुठला ते आधी बघ. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेव, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची एखादी वस्तू त्या फटीतून बघ, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तुझा. हात उजवा आणि डोळा डावा असे लोक खूप असतात. ते वर्षानुवर्षं नेम चुकवतात आणि दोष काडतुसाला देतात.

टिक्का आमच्या रीहिमेकी गावात, साकोच्या कारखान्यात बनते. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूचा बोल्ट असलेलीही मिळते, जर्मन नामवंत रायफलींच्या मानाने स्वस्तात. माझ्याकडे तीच आहे, .३०८.

आमच्याकडेही परीक्षा आहे, ७५ मीटरवर चार गोळ्या, चारही २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात. सोपं वाटतं. मागे रांगेत वीस आजोबा उभे राहून बघत असतात तेव्हा वाटत नाही.

---

उमेओचा_उम्या

तनुजाताई, आत्ता स्वयंपाकघरात उभं राहून करून बघितलं. उजवाच निघाला. हुश्श.

येम्तलांडकर, ६.५ बद्दल राहिलं. मन तिथेच अडकलंय खरं तर. ती हुस्कवार्ना फार सुंदर आहे हो. आणि इथले म्हातारे सांगतात की त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर ६.५ ने मूस मारले.

---

येम्तलांडकर

मारले, आणि आजही मारतात. ६.५×५५ हे १८९४ चं काडतूस, स्वीडन-नॉर्वेने मिळून सैन्यासाठी केलेलं. लष्करी माउझर नंतर स्वस्तात बाजारात आल्या आणि अर्ध्या देशाने त्यांची शिकारी बंदूक करून घेतली. लांब, बारीक, जड गोळी, धक्का मामुली. शिकायला याच्याइतकं गोड काडतूस नाही.

पण हिशोब करू. पारंपरिक मूसची ६.५ गोळी १०.१ ग्रॅमची. ती १० च्या वर आहे म्हणून तिला १०० मीटरवर २००० ज्यूल पुरतात. त्यासाठी तिथे सेकंदाला साधारण ६३० मीटर वेग लागतो. चांगलं फॅक्टरी काडतूस हे आरामात गाठतं. इथवर ठीक.

आता शिशाशिवायची, म्हणजे तांब्याची गोळी घे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते, आणि ६.५ मध्ये तांब्याच्या गोळ्या बहुतेक १० ग्रॅमच्या खालीच बनतात. ९.१ ग्रॅमची घेतलीस तर तिला २७०० ज्यूल हवेत, म्हणजे १०० मीटरवर सेकंदाला ७७० मीटर. ६.५×५५ ची या वजनाची काडतुसं नळीतून बाहेर पडतानाच ८०० च्या जवळपास असतात, शंभर मीटरवर ७७० कुठून आणणार? आणि गोळी ९ ग्रॅमच्या खाली गेली की ऊर्जा कितीही असो, मूससाठी बादच. रो-डियरसारखं छोटं हरीण मारायला ती चालेल.

.३०८ मध्ये ही कटकटच नाही. १०.७ ग्रॅमची तांब्याची गोळी सहज मिळते, तिला २००० पुरतात, ती त्याच्या बरीच वर असते. शिशाची हवी तर ११.७ ग्रॅम घे, जवळपास ३००० ज्यूल.

काडतुसाच्या डब्यावर ई१०० (१०० मीटरवरची ऊर्जा, ज्यूलमध्ये) असा आकडा छापलेला असतो. खरेदी करताना गोळीचं वजन आणि तो आकडा, दोन्ही बघायचे. दुकानदार म्हणाला म्हणून घ्यायचं नाही.

---

सुगरण_सोल्ना

शिकारीतलं मला काही कळत नाही, पण शेजारी दर वर्षी मूसचं मांस देतात म्हणून विचारते. ही शिसं-तांब्याची भानगड काय आहे? मुलीला दिवस गेलेत, ती येणार आहे राहायला. खिमा करून ठेवलाय फ्रीजरमध्ये.

---

येम्तलांडकर

सुगरणताई, बरं विचारलंत. शिशाची गोळी हाडावर आदळून फुलते तेव्हा तिचे बारीक कण मांसात उडतात, डोळ्याला न दिसण्याइतके बारीक. स्वीडनच्या अन्न खात्याचा सल्ला असा की गोळीची वाट आणि तिच्याभोवतीचं खराब दिसणारं मांस काढून, त्यापुढे आणखी १० सेंटिमीटर कापून टाकायचं. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी शिशाच्या गोळीचं मांस जपूनच खावं. शेजाऱ्यांना सरळ विचारा, गोळी कुठली होती आणि खिम्यात खांद्याकडचं मांस आहे का. चांगला शिकारी या प्रश्नाने रागावत नाही. उत्तर नीट मिळालं नाही तर तो खिमा तुम्ही दोघं खा, मुलीला देऊ नका.

डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून शिकारीत शिशाच्या रायफल गोळ्या बंदच केल्या. आमच्याकडे रायफलला अजून चालतात, पण पहिलीच बंदूक घेणाऱ्याने पुढची वीस-तीस वर्षं बघावीत. उम्या, ६.५ ला 'पण' लावला तो याच्यासाठी.

---

त्रोन्हाइमचे_नाना

तांब्याबद्दल माझं मत जरा वेगळं. गोळी अखंड राहते हे खरं, मांस स्वच्छ हेही खरं. पण ती फुलायला वेग लागतो. कमी वेगाच्या काडतुसात, फासळीच्या मधून गेली तर छोटं भोक पाडून निघून जाते आणि जनावर लांब चालतं. त्यामुळे तांबं वापरायचं तर जड गोळीच्या मागे लागू नका. शिशाच्या मानाने एक पायरी हलकी आणि वेगवान घ्या, आणि फुप्फुसाच्या मागे-मागे न मारता खांद्याच्या जवळ मारा.

शिशाचीच वापरायची तर नॉर्मा कंपनीची ओरिक्स किंवा त्या जातीची, जिच्यात गाभा आवरणाला चिकटवलेला असतो. साधी मऊ टोकाची गोळी मूसच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाते.

---

येम्तलांडकर

नानांशी सहमत, एक सोडून. नवख्याने खांद्याच्या हाडावर धरू नये. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत. मूसची छाती मोठ्या परातीएवढी आहे, पण उत्साहात सगळे खांद्यावरच्या उंचवट्याकडे बघतात आणि गोळी पाठीच्या केसांतून जाते. आणि जनावर पूर्ण आडवं उभं नसेल तर थांबायचं. तिरकं, समोरून, पाठमोरं, काहीही असलं तरी नाही. सप्टेंबर मोठा आहे.

---

दापोलीचा_दाजी

कोकणातून हजेरी. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, आता उरलीय ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर. तीही निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची. पण आजोबांच्या वेळच्या हाक्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. त्यात एकच नियम पुन्हा पुन्हा यायचा. हाकारे कुठून येताहेत ते माहीत असल्याशिवाय बार नाही, आणि पाय जमिनीला लागले की नळी रिकामी.

तुमच्या तिकडे मचाणावर बसवतात म्हणता, तर माणसं कुठे-कुठे उभी आहेत हे सांगतात का? की प्रत्येकाने आपापलं बघायचं?

---

येम्तलांडकर

दाजी, सांगतात. सकाळी गटप्रमुख नकाशा पसरून प्रत्येकाची जागा दाखवतो आणि कुठल्या दिशेला बार करायचा नाही तेही. सगळ्यांच्या टोपीला आणि जाकिटाला भडक केशरी, कानाला वॉकीटॉकी. त्याउपर जबाबदारी ज्याच्या हातात चाप त्याची. मूसच्या मागे काय आहे हे दिसत नसेल तर बार नाही. मचाणावरून गोळी खाली जाते आणि मातीत शिरते, मचाण बांधतात ते मुख्यतः त्यासाठी. टेकाडाच्या कडेवर आकाशासमोर उभा असलेला मूस कितीही देखणा दिसला तरी तो मारायचा नसतो. मागे दोन किलोमीटरवर कुणाचं घर असेल तुम्हाला माहीत नाही.

तुमच्या आजोबांचा नियम इथे जसाच्या तसा आहे. मचाणावर चढताना आणि उतरताना काडतूस आत नाही.

---

सेंटजॉन्सची_सई

न्यूफाउंडलंड, कॅनडा. आमच्याकडे मूस मुळातला नाहीच. १९०४ मध्ये न्यू ब्रुन्सविकहून चार मूस आणून बेटावर सोडले, आज इथल्या हायवेवर रात्री गाडी चालवायला भीती वाटते इतके झालेत. परवाना सोडतीत निघावा लागतो, नवऱ्याचा निघाला की आम्ही सगळे जातो.

इथलं चित्र उम्याच्या जंगलापेक्षा फार वेगळं. उघडी दलदल, खुरटी झाडं, वारा आणि आडवा पाऊस. अंतरं दोनशे मीटरच्या घरात जातात. बहुतेकांकडे .३०-०६, जुन्या लोकांकडे अजून .३०३ एनफिल्ड. मूस पडला की खरं काम सुरू, चार भाग करून पाठीवरून चिखलातून काढायचा. म्हणून आमच्याकडे बंदुकीचं वजन आणि गंज हे पहिले प्रश्न. स्टेनलेस नळी, प्लास्टिक दस्ता. लाकडी दस्ता ओला-कोरडा होऊन वाकला की नेम सरकतो. उम्या, तुझ्याकडे सप्टेंबरात पाऊस असतो ना? सुंदर हुस्कवार्ना घेण्याआधी हे लक्षात घे.

---

उमेओचा_उम्या

सईताई, पाऊस असतो, भरपूर.

दोन प्रश्न उरलेत. दुर्बीण कुठली? आणि परवाना वेळेत आला नाही तर सप्टेंबरचा मोसम हातचा गेला का?

---

येम्तलांडकर

दुर्बीण: कमी शक्तीची, १-६ पट किंवा त्या आसपास. मोठ्या भिंगाची गरज नाही, कारण मूसची शिकार सूर्योदयाच्या एक तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच. अंधारात बघायचंच नाही. १ पटीवर ठेव, दोन्ही डोळे उघडे. मूस समोर आला तर तेव्हा पट वाढवायला वेळ नसतो. मचाणावरच बसायचं असेल तर एमपॉइंटचा लाल ठिपकाही (नेमाच्या जागी लाल ठिपका दाखवणारं साधन) उत्तम (माल्मोची कंपनी), हलत्या जनावराला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण डोळ्याला सिलिंडरचा नंबर (अस्टिग्मॅटिझम) असेल तर ठिपका फाटका दिसतो, आधी बघून घे. बजेटमध्ये बसवताना दुर्बिणीचे माउंट (ती बंदुकीला घट्ट धरणाऱ्या कड्या) स्वस्तातले घेऊ नकोस.

परवाना नाही आला तर: मालक शेजारी उभा राहून देखरेख करत असेल तर त्याची बंदूक वापरता येते. सहकाऱ्याच्या वडिलांना विचार, एका मचाणावर दोघं बसा. पण मग त्यांची ९.३ वापरावी लागेल. नाना खूश.

---

त्रोन्हाइमचे_नाना

:)

---

तांपेरेची_तनुजा

सरावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्वीडनमध्ये बऱ्याच शूटिंग क्लबांत पळत्या मूसचा ट्रॅक असतो, रुळावर ८० मीटर अंतरावरून आकृती सरकते. वसंतात जा, उन्हाळ्यात जा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नकोस. तेव्हा वर्षभर बंदुकीला हात न लावलेले सगळे तिथे एकदम येतात.

घरी डमी काडतूस घालून बोल्ट ओढायचा सराव कर. बंदूक खांद्यावरून खाली न घेता. भिंतीवर एक चिकटपट्टी लाव, क्लिक, बोल्ट, क्लिक. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.

---

सेंटजॉन्सची_सई

+१. आणि सायलेन्सरचं काय? आमच्या कॅनडात मिळत नाही, तुमच्याकडे सर्रास लावतात ऐकलंय.

---

येम्तलांडकर

हो, लावतातच. कान वाचतात, शेजाऱ्यांची तक्रार नाही, आणि धक्का चांगलाच कमी होतो. फक्त लांबी वाढते. ५६ सेंटिमीटर नळीला सायलेन्सर लावला की मचाणाच्या कठड्याला आपटत राहतो. .३०८ आखूड नळीतही फारसा वेग गमावत नाही, म्हणून ५१ सेंटिमीटरची नळी आणि सायलेन्सर ही जोडी जमते. सायलेन्सर लावून आणि काढून नेमाची जागा बदलते, म्हणजे ज्या अवस्थेत शिकार करणार त्याच अवस्थेत नेम बसवायचा.

---

पेठेतला_पंत

माझा विरोध कायम आहे, पण धागा पूर्ण वाचला. एक शंका. जखमी होऊन पळालेल्या जनावराचं काय करता?

---

येम्तलांडकर

पंत, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

स्वीडनच्या कायद्याप्रमाणे मूसची शिकार करायची तर मागावर शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत त्या जागी पोचू शकेल अशी सोय आधीच असावी लागते. बार झाला आणि जनावर पडलेलं दिसत नाही, तर जागेवरून हलायचं नाही. जनावर कुठे उभं होतं, कुठे शिरलं, ते लक्षात ठेवायचं, वॉकीटॉकीवर कळवायचं आणि थांबायचं. नवखा माणूस धावत मागे जातो, जखमी जनावराला उठवतो, आणि मग ते किलोमीटरभर जातं. बार झालेल्या जागी केस, रक्त, हाडाचा तुकडा काय पडलंय त्यावरून मागावरचा माणूस सांगतो गोळी कुठे लागली. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं. हिरवट काही दिसलं तर पोट, मग आणखी थांबायचं. संध्याकाळ झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध. गटातले सगळे त्या कामाला लागतात, बाकीची शिकार थांबते.

आणि मादीसोबत पिल्लू असेल तर आधी पिल्लू. मादी आधी मारली तर ते हिवाळ्यात एकटं उरतं. क्रूर वाटेल, पण उलट जास्त क्रूर आहे.

---

उमेओचा_उम्या

अपडेट देतो.

शनिवारी दोन दुकानं पालथी घातली. हुस्कवार्ना डोळे मिटून खांद्याला लावली की दुर्बिणीत डावीकडे काळी कड. दस्ता माझ्या मानेला आखूड पडतो, दुकानदारानेही मान्य केलं. ती तिथेच ठेवून आलो. बायको म्हणाली, भिंतीवर लावायला घेतली असतीस. कायद्याने भिंतीवर लावताच येत नाही, तिजोरीतच ठेवावी लागते, म्हणून वाचलो.

टिक्का टी३एक्स, .३०८, ५१ सेंटिमीटर नळी, पुढे सायलेन्सरसाठी आटे. प्रत्येक वेळी गोल पूर्ण दिसला. दुर्बीण १-६ ची, वापरलेली. अर्ज आज पाठवला. काडतुसं १०.७ ग्रॅमची तांब्याची, डब्यावरचा ई१०० वाचून.

सहकाऱ्याच्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, परवाना आला नाही तर माझी आहेच.

---

येम्तलांडकर

छान निवड. एकाच लॉटची काडतुसं तीन-चार डबे घेऊन ठेव. लॉट बदलला की नेमही थोडा सरकू शकतो, आणि ऑगस्टमध्ये दुकानात तुला हवं तेच नेमकं संपलेलं असतं. तिजोरीची पावती जपून ठेव, पोलीस विचारू शकतात.

---

सुगरण_सोल्ना

शेजाऱ्यांना विचारलं. तांब्याचीच गोळी वापरतात म्हणाले, आणि डबासुद्धा आणून दाखवला. खिम्याचे कबाब करणार आहे. मूसच्या मांसाला चरबी फार कमी, त्यामुळे कबाब कोरडे होतात. थोडं डुकराचं किंवा बोकडाचं चरबीवालं मांस मिसळावं लागतं. पाककृती हवी असेल तर वेगळा धागा काढते.

---

दापोलीचा_दाजी

काढाच. इकडे मूस नाही, पण बोकड आहे.